खोटे बोलण्याचा प्रामाणिक खेळ

असत्य बोलू नये ही शिकवण आपणांपैकी बहुतेकांनी आठवी आज्ञा पाठ करताना प्रथम ऐकली. त्याच वयात, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर ओट्यावर बसून आपण चिठ्ठ्यांचा एक खेळही खेळत होतो. चार चिठ्ठ्या आणि त्यांवर लिहिलेले राजा, राणी, चोर, शिपाई. ज्याच्या वाट्याला चोराची चिठ्ठी येई तो चेहऱ्यावर साळसूदपणाचा भाव आणून बसे आणि शिपायाने रोखून पाहिले तर 'मी कुठला चोर?' असे डोळ्यांनीच विचारी. वर्गात शिकलेली आज्ञा आणि ओट्यावरचा खेळ यांच्यात काही विरोध आहे, असे त्या वेळी कोणाही मुलाला वाटले नाही. हा विरोध खरोखरच नव्हता काय? की तो असूनही आपल्या ध्यानात आला नाही? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास सत्य म्हणजे काय, फसवणूक कशाला म्हणावे आणि माणसामाणसांतला विश्वास कशावर उभा असतो, या गोष्टींचा विचार करावा लागतो.

ओट्यावरचा हा प्रश्न अमेरिकेतील दूरचित्रवाणीने साठांहून अधिक वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा रंगमंचावर मांडला. १८ डिसेंबर १९५६ रोजी सीबीएस या वाहिनीवर 'टू टेल द ट्रूथ' हा खेळ सुरू झाला. साक्षीदार न्यायालयात सत्य सांगण्याची जी शपथ घेतो, तिच्यातील शब्दांवरूनच हे नाव घेतलेले होते. कल्पना बॉब स्टुअर्ट यांची, निर्मिती मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या जोडीची. सूत्रसंचालक होते बड कॉलियर. एके काळी रेडिओवरील सुपरमॅनला, म्हणजे जगापासून आपली खरी ओळख लपवून वावरणाऱ्या नायकाला, याच गृहस्थांचा आवाज होता.

खेळाची रचना साधी होती. तीन व्यक्ती रंगमंचावर येत आणि तिघेही एकच नाव सांगत. मग सूत्रसंचालक एक प्रतिज्ञापत्र वाचून दाखवी. त्यात त्या नावाच्या माणसाने केलेल्या एखाद्या असामान्य कामाचा किंवा त्याच्या विलक्षण व्यवसायाचा वृत्तान्त असे. तिघांपैकी एक खरा आणि दोघे तोतये. चार परीक्षकांनी आळीपाळीने प्रश्न विचारायचे आणि खरा कोण ते मताने सांगायचे. या प्रश्नोत्तरांत दोन्ही तोतयांना खोटे बोलण्याची मुभा असे. खरा माणूस मात्र सत्य बोलण्यास शपथेने बांधलेला असे. आरंभीच्या काळात परीक्षकांच्या प्रत्येक चुकीच्या मतामागे २५० डॉलर मिळत; चौघेही चुकले तर १,००० डॉलर. ही रक्कम तिघांत वाटली जाई. शेवटी सूत्रसंचालक म्हणे, 'आता जो खरा असेल त्याने कृपया उभे राहावे.' तिघेही थोडे चुळबुळत, एखादा अर्धवट उठून पुन्हा बसे, आणि मग खरा माणूस उभा राही. त्यानंतर दोन्ही तोतये आपले खरे नाव आणि खरा व्यवसाय सांगत.

हा खेळ वारंवार बंद पडला आणि वारंवार पुन्हा सुरू झाला. सीबीएसवरील त्याचे पहिले पर्व १९६८ साली संपले. १९६९ साली दुसरे पर्व सुरू होऊन ते १९७८ पर्यंत चालले. त्यानंतर १९८० मध्ये, १९९० मध्ये आणि २००० मध्ये त्याला नवे अवतार लाभले. शेवटी १४ जून २०१६ रोजी एबीसी वाहिनीने अभिनेते अँथनी अँडरसन यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याचे पुनरुज्जीवन केले आणि हे पर्व २०२२ पर्यंत चालले. या नव्या पर्वात विनोदाचा भर वाढला, अँडरसन यांच्या मातोश्री गुणलेखनासाठी मंचावर येऊन बसू लागल्या आणि सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या परीक्षकाला ट्विटरवर स्वतःचीच थट्टा करणारा मजकूर लिहिण्याची शिक्षा मिळू लागली. परंतु खेळाचा गाभा बदलला नाही. तीन माणसे, एक नाव, दोन खोटे, एक खरा आणि शेवटी ते उभे राहणे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या खेळातील तोतया खोटे बोलतो, हे शब्दशः खरे आहे. जे आपले नाव नाही ते तो आपले म्हणून सांगतो, जे काम केले नाही ते केले म्हणतो. समोरच्या परीक्षकाने फसावे अशी त्याची इच्छा असते आणि तो फसला तर त्याला पैसे मिळतात. असत्य भाषण, फसवण्याचा हेतू आणि आर्थिक लाभ, असे तिन्ही दोष येथे एकत्र आलेले दिसतात. मग हे पाप का नव्हे?

नीतिशास्त्राच्या इतिहासात असत्याविषयी संत ऑगस्टीन यांच्याइतकी कठोर भूमिका घेणारे विचारवंत थोडे. त्यांनी या एकाच विषयावर दोन स्वतंत्र प्रबंध लिहिले आणि असत्याचे आठ प्रकार पाडले. कोणाचा जीव वाचवण्यासाठीही खोटे बोलू नये, येथपर्यंत त्यांची मजल गेली. परंतु याच ऑगस्टीन यांनी पहिल्या प्रबंधाच्या आरंभीच थट्टेने केलेली विधाने बाजूला काढून ठेवली आहेत. बोलणाऱ्याचा स्वर आणि त्याची वृत्ती यांवरून ती थट्टा असल्याचे ऐकणाऱ्याला स्पष्ट कळते, म्हणून त्यांना असत्य म्हणत नाहीत, असा त्यांचा आशय आहे. मात्र परिपूर्णतेची आस असलेल्यांनी अशी थट्टा करावी की नाही, हा प्रश्न निराळा आहे, असेही सूचित करायला ते विसरत नाहीत.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा पुढे नेला. असत्याचे त्यांनी तीन वर्ग केले: दुसऱ्याच्या हानीसाठी केलेले, कोणाच्या उपयोगासाठी केलेले आणि मौजेसाठी केलेले. तिसऱ्या वर्गातील असत्यालाही ते असत्यच म्हणतात. कारण वाणी ही मनातील विचार प्रकट करण्यासाठी आहे आणि मनात एक नि ओठांवर दुसरे हा तिच्या प्रकृतीचा भंग होय, असे त्यांचे मत आहे. परंतु याच अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिया'मध्ये अन्यत्र खेळाला सद्गुणाचे स्थान दिले आहे. शरीराला जशी विश्रांती हवी तशी आत्म्यालाही हवी आणि ती विनोदातून, खेळातून मिळते, असे ते म्हणतात. नटाचा व्यवसाय स्वभावतः पापमय नाही, असा निर्वाळा ते देतात. कधीच न हसणारा आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालणारा माणूस तर ते दोषी ठरवतात. या दोन्ही प्रकरणांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शब्द वास्तवाशी जुळतो की नाही, एवढ्यावर असत्याचा निर्णय होत नाही. तो शब्द कोणत्या कराराखाली उच्चारला गेला, हेही पाहावे लागते. नट रंगमंचावर 'मी राजा आहे' म्हणतो तेव्हा तो कोणालाही आपले राजेपण पटवून देत नसतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पाठलाग करणाऱ्या खुन्याने 'तुझा मित्र घरात आहे काय?' असे विचारले तरीही खोटे बोलू नये, असे १७९७ साली प्रतिपादन करून त्यांनी अनेकांचा रोष ओढवून घेतला. तरीही पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' असे लिहिणे हे असत्य ठरते काय, हा प्रश्न त्यांनी त्याच वर्षीच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात उपस्थित केला आणि अशा शब्दांनी कोणीच फसत नाही, याची नोंद केली. दोघांनाही ज्याचा अर्थ आधीच ठाऊक आहे, तो शब्द फसवीत नाही.

या विवेचनावरून खेळातील असत्य निर्दोष ठरण्यासाठी तीन अटी सांगता येतात. पहिली अट संमतीची: ज्याच्यापुढे खोटे बोलले जाणार आहे त्याला ते आधी ठाऊक असले पाहिजे आणि त्याने ते मान्य केलेले असले पाहिजे. दुसरी अट मर्यादेची: खेळ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची रेषा सर्वांना दिसली पाहिजे. तिसरी अट प्रकटीकरणाची: शेवटी सत्य सर्वांसमक्ष उघड झाले पाहिजे. 'टू टेल द ट्रूथ' या तिन्ही अटी पाळतो. परीक्षकांना ठाऊक असते की तिघांपैकी दोघे खोटे आहेत. आरंभ आणि शेवट निश्चित असतात. आणि खरा माणूस उभा राहिल्यावाचून डाव संपतच नाही.

या खेळातला आणखी एक नियम फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. मला मात्र तो अर्थपूर्ण वाटतो. तिघांपैकी कोणी एखाद्या परीक्षकाच्या ओळखीचा निघाला तर त्या परीक्षकाने तसे सांगून आपण होऊन मतदानातून बाजूला व्हायचे आणि त्याचे मत चुकीचे धरले जायचे. परीक्षकाने गप्प राहून बरोबर उत्तर दिले असते तर कोणाला काय कळले असते? परंतु त्या क्षणी खेळच मेला असता. खोट्यावर आधारलेला हा खेळ परीक्षकांच्या अशा निमूट प्रामाणिकपणावर उभा होता. डच विचारवंत योहान हॉयझिंगा यांनी १९३८ च्या आपल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळाभोवतीच्या रिंगणाची मीमांसा केली आहे. त्या रिंगणाच्या आत निराळा कायदा चालतो. परंतु ते रिंगण आखणारा आणि राखणारा माणूस रिंगणाबाहेरच्या सचोटीनेच ते राखत असतो, असे या नियमावरून म्हणावेसे वाटते.

येथे एक अवघड शंका उपस्थित होते. तोतयांचे एक वेळ समर्थन करता येईल. पण शपथेने बांधलेल्या त्या खऱ्या माणसाचे काय? त्याचाही आर्थिक लाभ परीक्षक चुकण्यातच असतो. तेव्हा त्याला सत्य तर बोलावे लागते. पण ते कोणाला पटू नये, असे बोलणे त्याच्या फायद्याचे असते. तो अडखळतो, अर्धे उत्तर देतो, ठाऊक असलेली गोष्ट अनिश्चित स्वरात सांगतो. शब्द खरे, पण परिणाम असत्याचा. महाभारतातील धर्मराजाची आठवण येथे अपरिहार्य आहे. अश्वत्थामा मेला, हे त्याचे विधान शब्दशः खोटे नव्हते, कारण त्या नावाचा हत्ती मारला गेला होता. परंतु द्रोणाचार्यांनी त्याचा भलताच अर्थ घ्यावा, अशीच सारी योजना होती. त्याचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. ख्रिस्ती नीतिशास्त्रातही हा वाद मोठा झाला. मनात एक शर्त धरून ओठांनी अर्धेच वाक्य उच्चारायचे आणि आपण खोटे बोललो नाही असे समाधान मानायचे, ही पळवाट काही पंडितांनी काढली होती. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ साली तिचा निषेध केला. शब्द खरे असल्याने माणूस सत्यवचनी ठरत नाही, हा त्या निषेधाचा अर्थ.

मग या खेळातील खरा माणूस धर्मराजाच्या रांगेत बसतो काय? माझ्या मते नाही. द्रोणाचार्यांनी धर्मराजाला विचारले ते तो असत्य बोलणार नाही या भरवशावर. तो भरवसाच शस्त्र म्हणून त्यांच्यावर उलटवला गेला. खेळातील परीक्षक अशा भरवशाने विचारत नाही. समोरचा अडखळणारा माणूस खरा असू शकेल, हे तो जाणतो आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारतो. तरीही ही शंका पूर्णपणे मिटत नाही आणि ती मिटू नये हेच बरे. कारण सत्य हे नुसत्या शब्दांत राहत नाही, ऐकणाऱ्याचे हित चिंतणाऱ्या वृत्तीत राहते, याची ती आठवण देत राहते.

हे सारे तात्त्विक वाटेल. परंतु इतिहासाने नेमक्या त्याच महिन्यात एक प्रतिउदाहरण मांडून ठेवले आहे. 'टू टेल द ट्रूथ' सुरू होण्याच्या तेरा दिवस आधी, ५ डिसेंबर १९५६ रोजी, एनबीसी वाहिनीवरील 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांच्याकडून हरला. आदल्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नाव त्याला सांगता आले नाही. प्रत्यक्षात ते नाव त्याला उत्तम ठाऊक होते. निर्मात्यांनी त्याला चुकायला सांगितले होते. स्टेम्पेलपेक्षा देखणा आणि कुलीन विजेता त्यांना हवा होता. व्हॅन डोरेन यांना उत्तरे आधी पुरवली जात होती. घाम कसा पुसावा, विचार करीत असल्याचा आविर्भाव कसा आणावा, कोठे थांबावे, याचीही तालीम स्पर्धकांकडून करून घेतली जाई. देशभर लोक त्या तरुण विद्वानाचे कौतुक करीत होते; आईबाप आपल्या मुलांना त्याच्यासारखे व्हायला सांगत होते. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्यांनी सारे कबूल केले. १९६० साली अशी ठरवून घेतलेली स्पर्धा प्रसारित करणे हा कायद्याने गुन्हा ठरवण्यात आला.

या दोन खेळांची तुलना करा. एकात उघडपणे खोटे बोलले जात होते आणि कोणाची फसवणूक होत नव्हती. दुसऱ्यात विजेत्याने दिलेली उत्तरे बरोबर होती. व्हॅन डोरेन यांच्या ओठांतून बाहेर पडलेली माहिती अचूक होती, तरीही तो संपूर्ण कार्यक्रम असत्य होता. वर सांगितलेल्या तिन्ही अटी तेथे मोडल्या गेल्या. प्रेक्षकांची संमती नव्हती, नाटक कोठे सुरू होते ते त्यांना दिसत नव्हते आणि सत्य उघड व्हावे अशी कोणाची इच्छा नव्हती. खऱ्या उत्तरांनी खोटे बोलता येते आणि खोट्या उत्तरांनी प्रामाणिक राहता येते, हे त्या डिसेंबर महिन्याने दाखवून दिले.

परंतु 'टू टेल द ट्रूथ'लाही एकदा मोठा धक्का बसायचा होता आणि त्या धक्क्याची जाणीव व्हायला बराच काळ जावा लागला. १९७७ साली या खेळात तिघांनी येऊन आपले नाव फ्रँक अ‍ॅबग्नेल असल्याचे सांगितले. वाचल्या गेलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार अ‍ॅबग्नेल हा सहीसही तोतयांचा राजा होता. कोवळ्या वयात वैमानिक, डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी सोंगे बेमालूम वठवून त्याने जगाला गंडवले होते. दोन तोतयांमधून खरा अ‍ॅबग्नेल शेवटी उभा राहिला आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुढे १९८० साली त्याचे आत्मचरित्र आले आणि २००२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी त्यावर 'कॅच मी इफ यू कॅन' हा चित्रपट काढला. त्या चित्रपटाचा आरंभच या खेळाच्या दृश्याने होतो.

आता खरी गंमत, किंवा खरी शोकान्तिका, पाहा. अ‍ॅबग्नेलच्या कहाणीविषयी १९७८ सालीच सॅन फ्रान्सिस्कोतील एका वृत्तपत्राने संशय व्यक्त केला होता. २०२० साली अ‍ॅलन लोगन या लेखकाने सरकारी कागदपत्रे धुंडाळून दाखवले की, ज्या वर्षांत आपण वैमानिक, डॉक्टर आणि वकील म्हणून वावरलो असे अ‍ॅबग्नेल सांगत आला, त्यांतील बराच मोठा काळ, म्हणजे १९६५ ते १९६८ मधील बहुतेक दिवस, तो न्यूयॉर्क राज्यातील कॉमस्टॉक येथील तुरुंगात होता. खोटे धनादेश वटवल्याचे त्याचे गुन्हे खरे होते. पण ज्या महान फसवणुकींसाठी तो प्रसिद्ध झाला, त्या बव्हंशी घडल्याच नव्हत्या. आपल्या सहलेखकाने काही गोष्टी अतिरंजित केल्या, असे स्वतः अ‍ॅबग्नेलनेही नंतर म्हटले आहे.

मग त्या दिवशी मंचावर काय झाले? तीन माणसे बसली होती. त्यांपैकी दोघांचे खोटे खेळाच्या नियमांत बसणारे होते आणि कार्यक्रमाच्या शेवटी ते धुऊनही निघाले. शपथेवर सत्य बोलण्यास बांधलेल्या तिसऱ्याचे खोटे मात्र तसेच राहिले. परीक्षक 'या तिघांपैकी अ‍ॅबग्नेल कोण?' हे शोधत होते. 'अ‍ॅबग्नेलविषयी जे वाचले गेले ते खरे आहे काय?' हा प्रश्न खेळाच्या चौकटीत विचारताच येत नव्हता. प्रतिज्ञापत्राच्या सत्यतेवर सर्वांनी विश्वास टाकलेला होता आणि असत्य नेमके त्याच दाराने आत आले. खरा माणूस उभा राहिला, पण सत्य बसूनच राहिले.

आपल्या नैतिक जीवनाला या प्रसंगापासून मोठा बोध घेता येईल. आपण सारे जण समोर आलेल्या तीन पर्यायांतून खरा कोणता ते शोधण्यात कुशल होतो. कोणता वक्ता खरा, कोणती बातमी खरी, कोणता पक्ष खरा, यावर तावातावाने वाद घालतो. परंतु ज्या प्रतिज्ञापत्रावर हा सारा वाद उभा आहे, ते कोणी लिहिले आणि कोणी तपासले, हे विचारायचे विसरतो. संशय कोठे घ्यावा हे आपल्याला दुसऱ्याने आखून दिलेले असते आणि आखून दिलेल्या जागेबाहेर आपण निर्धास्त असतो. सावधपणाचा अभिमान बाळगणारा माणूस अनेकदा अशाच रीतीने फसतो.

२०१६ चे पुनरुज्जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी हा खेळ परत आला, त्याच वर्षी ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी वर्षाचा शब्द म्हणून सत्योत्तर या अर्थाचा इंग्रजी शब्द निवडला. वस्तुस्थितीपेक्षा भावनेला आणि स्वतःच्या धारणेला जनमतात अधिक वजन प्राप्त होते, त्या अवस्थेचे ते वर्णन होते. त्यानंतरच्या वर्षांत हुबेहूब चेहरा आणि हुबेहूब आवाज बनवणारी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली. आज तोतयाला मंचावर यावे लागत नाही.

आपल्याकडे पूर्वी बहुरूपी गावात येत असे. पोलिसाचा वेष करून तो दारात उभा राही, 'चला चौकीवर' म्हणून दरडावी, घरातली बाईमाणसे क्षणभर घाबरत. मग तो हसून आपले सोंग सोडी, बिदागी घेई आणि आशीर्वाद देऊन पुढे जाई. सोंग सोडणे हा त्याच्या कलेचा अविभाज्य भाग होता. बिदागी त्यानंतर मिळे. गेल्या काही वर्षांत 'डिजिटल अटक' या नावाची फसवणूक देशभर फोफावली आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशातील माणूस दिसतो, तो वृद्ध माणसाला अटकेची भीती घालतो, तासन् तास पडद्यासमोर बसवून ठेवतो आणि त्याची आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनाही आकाशवाणीवरून लोकांना याबाबत सावध करावे लागले. बहुरूपी आणि हा भामटा या दोघांचा वेष एकच आहे. एकाने तो उतरवून दाखवला आणि दुसरा तो कधीच उतरवणार नाही, एवढाच त्यांच्यातील भेद. परंतु पाप आणि करमणूक यांच्यातील संपूर्ण अंतर त्या भेदात सामावलेले आहे.

कोणी म्हणेल, अशा काळात खोटे बोलण्याच्या खेळाला उत्तेजन का द्यावे? जिभेला जी सवय लावावी ती लागते. आज खेळात बेमालूम खोटे बोलणारा उद्या व्यवहारात बोलेल. ही भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कुशल तोतयाचे कौतुक होते तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात कौशल्य आणि कपट यांची सरमिसळ होण्याचा धोका असतोच. अ‍ॅबग्नेलला मिळालेल्या टाळ्या या धोक्याचीच साक्ष देतात. फसवणुकीच्या कहाण्या जगाला इतक्या आवडल्या की त्या खऱ्या आहेत काय, हे पाहण्याची घाई फारशी कोणाला झाली नाही. परंतु हा खेळ पाहणाऱ्याच्या आनंदाचे पृथक्करण केले तर काय आढळते? तो आनंद तोतया बोलत असताना पराकोटीला पोहोचत नाही. तो पोहोचतो शेवटच्या क्षणी, जेव्हा अर्धवट उठणारे पुन्हा बसतात आणि एकजण पूर्ण उभा राहतो. हा क्षण काढून टाका, तोतयांना तसेच घरी जाऊ द्या, आणि पाहा, एकही प्रेक्षक समाधानी होणार नाही. पैसे गेले नाहीत, नुकसान झाले नाही, तरीही त्याला फसवले गेल्यासारखे वाटेल. सत्याची ही भूक मानवी बुद्धीत तिच्या निर्मात्यानेच ठेवली आहे, असे आपण श्रद्धेने मानतो. ज्यांची तशी श्रद्धा नाही त्यांनाही ती भूक नाकारता येणार नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी या जुन्या खेळावरची धूळ झटकतो, याचे एक कारण या भुकेतही असावे.

म्हणून खेळातील असत्य निषिद्ध मानण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र त्याच्या तीन अटी शिथिल होऊ नयेत. घरात मुलांशी थट्टा करणाऱ्या आईबापांनी, विद्यार्थ्यांची फिरकी घेणाऱ्या शिक्षकांनी आणि मित्रमंडळीत गमतीने थाप मारणाऱ्यांनी त्या स्वतःला लावून पाहाव्यात. समोरच्याला हा खेळ आहे हे कळले आहे काय? तो कोठे संपतो हे त्याला दिसते काय? आणि आपण शेवटी उभे राहणार आहोत काय? ज्या थट्टेचा उलगडा आपण कधीच करणार नाही, ती थट्टा नव्हे. ज्या मुलाला 'गंमत केली रे' असे सांगायला आपण विसरतो, त्याच्या लेखी आपण खोटेच बोललेलो असतो.

पर्वतावरील प्रवचनात ख्रिस्ताने शपथ वाहण्याविषयी जी शिकवण दिली तिचा रोख हाच आहे. माणसाचे साधे बोलणे इतके भरवशाचे असावे की त्याला शपथेचा टेकू लागू नये. दूरचित्रवाणीवरील त्या खेळात तिघांपैकी एकालाच शपथ असे, आणि ती फक्त डाव चालू असेपर्यंत. डाव संपला, दिवे मालवले गेले आणि तिघेही रस्त्यावर आले की त्यांच्यापैकी कोणालाच खोटे बोलण्याची मुभा उरत नसे. जो तोतया रात्री घरी गेल्यावर पत्नीशी खरे बोलू शकतो, त्यानेच संध्याकाळी मंचावर खोटे बोलावे. ओट्यावरच्या खेळात चोराची चिठ्ठी आपल्या वाट्याला कितीदा आली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. डाव मोडल्यावर चारही चिठ्ठ्या सर्वांसमोर उघडून ठेवण्याची रीत मात्र होती आणि ती कोणी चुकवत नसे.